मांडवातली चारशे पस्तीस भुतं

उरणजवळच्या जासई गावातल्या हळदीच्या मांडवात रात्री नऊच्या सुमारास जो उजेड असतो, त्यात शेजारच्या न्हावा शेव्याच्या बंदरावर एखादं जहाज आरामात रिकामं करून होईल. डीजेच्या गाडीवर शार्पी दिवे गरगरत असतात, स्टेजमागे एलईडीची भिंत पेटलेली असते, कडेला हॅलोजन असतात. नवरदेवाच्या मामांच्या गळ्यातल्या सोन्यावर तोच हॅलोजन पडून दहा दिशांना फुटतो. या सगळ्याच्या मधोमध फोटोग्राफर उभा असतो आणि त्याच्याजवळ येणारा प्रत्येक जाणकार एकच प्रश्न विचारतो, ‘दादा, किती मेगापिक्सेलचा?’ जाणकार जरा जास्तच जाणकार असला, तर झूमची चौकशी होते. कॅमेरा केवढ्याला पडला, हा प्रश्न तर नवरीच्या आजीलाही पडतो. ‘तुमच्या लेन्सच्या काचेवरून किती उजेड परत फिरतो?’ असं मात्र आजवर कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. फोटो उठणार की दुधात बुडवून काढल्यासारखा फिका येणार, याचा निकाल याच न विचारलेल्या प्रश्नात असतो. कॅमेऱ्यात उजेड शिरणं यात काही मोठेपणा नाही, उजेड काय, भोक दिसलं की शिरतो. खरी कसोटी आहे ती आडवाटेनं आलेल्या उजेडाला सेन्सरपासून लांब ठेवण्याची. हे काम करणारा लेप मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका जाड असतो. तो दिसत नाही, मोजून दाखवता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल मांडवात फुशारकीही मारता येत नाही.

मुळातला गुन्हा काचेचा आहे. काच पारदर्शक असते हा आपला गोड गैरसमज. हवेतून काचेत शिरताना चार टक्के उजेड दारातूनच परत फिरतो, आणि काचेतून पुन्हा हवेत येताना आणखी चार टक्के. याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. जासई हे शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं जन्मगाव. १९८४च्या जानेवारीतलं शेतकऱ्यांचं आंदोलन ज्या भागात पेटलं तो हाच भाग, त्यामुळे त्यांची तसबीर इथे शोधावी लागत नाही. काचेआडच्या अशा कुठल्याही तसबिरीचा मोबाइलवर फोटो काढून पाहावा. नेत्याच्या कपाळावर आडवी ट्यूबलाइट येते आणि छातीपाशी फोटो काढणाऱ्याचे दोन कोपर. काचेच्या दोन बाजूंनी मिळून परतवलेला हा आठ टक्के उजेड. तिरप्या काचेवरून तर त्याहून जास्त परततो. जासईच्या शेजारी चिर्ल्याला अटल सेतू उतरतो, १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा. त्यावर गाडी थांबवून फोटो काढायला मनाई आहे, म्हणून बाजूच्या सीटवरची मंडळी चालत्या गाडीच्या पुढच्या काचेतून फोटो काढतात. त्या फोटोत डॅशबोर्डवरचा गणपती खाडीच्या वर, ढगांच्या खाली, अधांतरी तरंगताना दिसतो. फोटो कौटुंबिक ग्रुपवर गेला की सातजण हात जोडतात. काचेच्या परावर्तनाला एवढी भक्ती दुसरीकडे कुठे मिळत नसावी.

आता फोटोग्राफरच्या लेन्सकडे वळू. बाहेरून ती एक नळी दिसत असली, तरी आत काचांची चाळ असते. लग्नात वापरतात तशा मोठ्या झूम लेन्समध्ये वीसेक काचा असतात. काही एकमेकींना चिकटवलेल्या, बाकीच्या सुट्या. हिशेबाला पंधरा गट धरू. प्रत्येक गटाला हवेला टेकणाऱ्या दोन बाजू, म्हणजे तीस दारं. लग्नाला शंभर पाहुणे निघाले, वाटेत तीस दरवाजे लागले आणि प्रत्येक दरवाजात उरलेल्यांपैकी चार टक्के रुसून मागे फिरले, तर मांडवात एकोणतीस पोचतील. बाकीचे एकाहत्तर गेले कुठे? पुष्कळसे घरी गेले, त्यांची चिंता नाही. आहेर बुडाला एवढंच. खरा घोळ घालतात ते दोन दरवाज्यांच्या मधे अडकलेले. एका दाराकडून मागे फिरतात, मागच्या दाराला आपटून पुन्हा पुढे येतात आणि शेवटी भलत्याच पंगतीत बसतात. पुढच्या दाराला एकदा, मागच्या दाराला एकदा असा दोनदा आपटलेला उजेड सेन्सरवर चुकीच्या जागी उतरला की फोटोत हिरवट-जांभळे गोल, षटकोन, फिकट डाग उमटतात. फोटोग्राफर त्यांना घोस्ट म्हणतात. तीस बाजूंतून दोन-दोनच्या जोड्या करायच्या तर त्या होतात चारशे पस्तीस. म्हणजे लेप नसलेल्या एका लेन्समध्ये चारशे पस्तीस भुतांच्या बसण्याची सोय झाली. सगळीच काही दिसत नाहीत. बरीचशी पसरून पातळ होतात आणि अख्ख्या चित्रावर धुकट पडदा धरतात. भुतापेक्षा हा पडदा वाईट, कारण भूत निदान बोटाने दाखवता येतं.

ही अडचण कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे, आणि तिच्यामुळे उत्तम लेन्सना घरी बसावं लागलं आहे. १८९६ साली जर्मनीत झाइस कंपनीच्या पाउल रुडोल्फ यांनी ‘प्लानार’ नावाची लेन्स आखली. सहा काचा, हवेला टेकणाऱ्या आठ बाजू. कागदावर ती इतकी सरस होती की तिची मांडणी आजच्या कित्येक लेन्सच्या पूर्वजांत मोडते. प्रत्यक्षात मात्र आठ बाजूंच्या परावर्तनानं चित्राचा कणाच मोडायचा. मग त्याच रुडोल्फनी १९०२ साली ‘टेसार’ आणली. चार काचा, सहाच बाजू, दुरुस्ती थोडी कमी पण चित्र खणखणीत. जगानं टेसार उचलली आणि प्लानार जवळपास चाळीस वर्षं ताटकळत राहिली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रीकरण वांगणीला केलं, तेव्हाही जगात लेप दिलेली लेन्स विकत मिळत नव्हती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी बांधला, पण काचेचा हा स्वभाव त्यांनाही बदलता येण्यासारखा नव्हता. काचा कमी आणि सूर्य पाठीशी, हा त्या पिढीचा उपाय.

उपाय सापडला तो घाणीत, हा या शास्त्रातला सर्वांत आनंददायी भाग आहे. १८८६ साली इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आलं, की जुनी, डागाळलेली काच नव्या कोऱ्या काचेपेक्षा जास्त उजेड आरपार सोडते. पुढे डेनिस टेलर या लेन्सच्या आखणीकारालाही तेच दिसलं. लोकांनी काळवंडल्या म्हणून टाकून दिलेल्या लेन्स नव्यापेक्षा सरस काम करत होत्या. काचेच्या पृष्ठभागावर काळानं चढवलेला अतिशय पातळ थर परावर्तन मारत होता. टेलरनी रसायनं लावून काचा मुद्दाम म्हाताऱ्या करायचा प्रयत्न केला, पण म्हातारपण प्रत्येक काचेला वेगळ्या वेगाने येत असल्यानं तो धंदा बसला नाही. पनवेल-उरणच्या पावसाळ्यात लेन्सवर आपोआप चढणारी बुरशी मात्र या शास्त्रात मोडत नाही, हे कंजूष मंडळींनी ध्यानात घ्यावं. ती लेप खाते आणि शेवटी काचेलाही चरे पाडते. १९३५ साली झाइसमधल्या ओलेक्सांडर स्माकुला या युक्रेनी शास्त्रज्ञानं निर्वात पेटीत काचेवर हवा तेवढाच पातळ थर चढवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जर्मनीनं ते सुरुवातीला लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवलं. अमेरिकेत १९३८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरिन ब्लॉजेट यांनीही काचेची चमक मारून दाखवली. ताटकळलेल्या प्लानारच्या घराण्याचं नशीब उघडलं ते त्यानंतर.

थर जादू कशी करतो, हे पाहायचं तर पावसाच्या पहिल्या सरीनंतर जासईजवळच्या दास्तान फाट्यावर जावं. कंटेनरच्या रांगेतून डिझेलचा एखादा थेंब ओल्या डांबरावर पडतो आणि पसरत जातो, तेव्हा त्यातून जांभळी, हिरवी, पिवळी वळी निघतात. डिझेलला रंग नसतो, रस्त्याला तर नसतोच नसतो. रंग येतो तो उजेडाच्या दोन लाटांच्या भांडणातून. एक लाट तेलाच्या वरच्या अंगावरून परततेय, दुसरी खालच्या अंगावरून. जिथे थराची जाडी अशी जमते की एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर पडावा, तिथे तो रंग मरतो आणि उरलेले दिसतात. लेन्सवर हेच काम मॅग्नेशियम फ्लोराइड शिस्तीत करतं. हिरव्या उजेडाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर. थरातली तिची लांबी काढून तिच्या चौथ्या हिश्शाएवढी जाडी ठेवली, म्हणजे साधारण शंभर नॅनोमीटर, की दोन परतीच्या लाटा एकमेकींना खातात. चार टक्क्यांचं परावर्तन सव्वा-दीड टक्क्यावर येतं. हिरव्याची परतफेड सर्वांत कमी, तांबड्या-निळ्याची थोडी जास्त, म्हणून अशी लेन्स तिरपी धरली की जांभळट दिसते. आता कुणी विचारील, लाटांनी एकमेकींना खाल्लं तर तो उजेड गेला कुठे? गेला पुढे. निसर्ग हिशेबात पक्का असतो. जे मागे परतत नाही ते काचेतून पार होतं, म्हणून लेप दिलेली लेन्स भुतं कमी करते आणि वर उजेडही जास्त देते.

एका थराला एकच रंग नीट जमतो, तेव्हा थरावर थर चढले. १९७१ साली पेंटॅक्सनं सात थरांच्या लेपाच्या लेन्स बाजारात आणल्या, आणि आज चांगल्या लेन्सच्या एका बाजूचं परावर्तन अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याखाली असतं. मघाचा हिशेब पुन्हा मांडा. तीस दारं, प्रत्येक दारात अर्धा टक्का रुसवा. शंभरातले शहाऐंशी मांडवात पोचतात. त्याहून मोठा फरक भुतांत पडतो. भूत होण्यासाठी उजेडाला दोनदा आपटावं लागतं. उघड्या काचेवर चार टक्क्यांचे चार टक्के म्हणजे मूळ उजेडाचा सहाशे पंचविसावा भाग. लेप दिल्यावर अर्ध्या टक्क्याचा अर्धा टक्का, म्हणजे चाळीस हजारावा भाग. चौसष्टपट अशक्त भूत. शार्पीसारखा दिवा मागच्या सावलीपेक्षा हजारोपटींनी प्रखर असतो. त्याचा सहाशे पंचविसावा हिस्सा सावलीत पडला तर डोळ्यांत भरतो, चाळीस हजाराव्याला शोधावं लागतं. अलीकडे तर काही कंपन्या लेपाऐवजी काचेच्या अंगावर उजेडाच्या लाटेहूनही बारीक सुळके उभारतात. हवा कुठे संपली आणि काच कुठे सुरू झाली हे उजेडाला कळतच नाही, म्हणून तो परततही नाही. ही युक्ती रातकिड्यांसारख्याच रात्री हिंडणाऱ्या पतंगाच्या डोळ्यावर फार आधीपासून आहे. त्याचा डोळा चमकला तर तो कुणाच्या तरी पोटात जाईल. परावर्तनविरोधी डोळा घेऊन जन्मलेला हा प्राणी आयुष्यभर हॅलोजनवर जाऊन का आपटतो, याचं उत्तर मात्र लेन्स कंपन्यांकडे नाही.

लेप एकटा पुरत नाही, आखणीची साथ लागते. काचांच्या कडा काळ्या रंगवलेल्या असतात, नळीच्या आतून खाचा पाडून काळा मुलामा दिलेला असतो, काचांचे बाक असे ठरवतात की जे भूत टळत नाही ते निदान पसरून विरळ व्हावं. आणि हूड. लेन्सच्या तोंडावरची ही प्लॅस्टिकची कड बाजूच्या दिव्याचा उजेड आत शिरूच देत नाही, लेपापर्यंत प्रकरण जातच नाही. इतकी स्वस्त, इतकी गुणी वस्तू, आणि निम्म्या मांडवांत ती लेन्सवर उलटी बसवलेली दिसते, कारण बॅगेत तशीच नीट मावते. याउलट प्रकार फिल्टरचा. लाखाच्या लेन्सवर दुकानदार शे-दोनशेचा यूव्ही फिल्टर ‘संरक्षणाला’ म्हणून चढवून देतो. डिजिटल सेन्सरवर अतिनील किरण अडवणारी काच आधीपासून असते, तेव्हा उपयोग धूळ-ओरखड्यांपुरता. बदल्यात दोन सपाट, बहुधा कोऱ्या बाजू मिळतात. सपाट काचेचं भूत पसरत नाही, स्पष्ट उमटतं. रात्री सेतूच्या दिव्यांचा फोटो काढला की खऱ्या दिव्यांच्या बरोबर समोर, चित्राच्या मध्यबिंदूपलीकडे, तशीच उलटी रांग आभाळात लागते. फोनच्या कॅमेऱ्यातही याच जातीचे हिरवे ठिपके येतात. देवळाच्या कळसाशेजारी असा ठिपका आला की तो फोटो ‘साक्षात’ म्हणून फिरतो. ठिपक्यातून फोटोच्या मध्यातून जाणारी रेघ ओढावी. दुसऱ्या टोकाला हॅलोजन सापडतो.

लेपाच्या या कौतुकावर आक्षेप येतात, आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला असा, की लेपाविना फाळके-पेंटरांचं चाललं, तेव्हाचे फोटो आजही सुंदर दिसतात. दिसतात, कारण त्या लोकांनी दिव्यावर हुकूम चालवला. सूर्य पाठीशी येईपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती. हळदीला डीजेवाल्याला ‘जरा शार्पी कॅमेऱ्याच्या मागे लाव’ असं सांगून बघावं. उत्तर येईल, पण ते छापता येणार नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. फोनमधलं सॉफ्टवेअर डाग पुसून देतं, एआय धुकं काढतं, मग लेपाचं कौतुक कशाला? एखादा ठिपका पुसला जातो हे खरं. पण पडद्याचं तसं नाही. मांडवाच्या कोपऱ्यात लग्नातले धवले गाणारी धवलारीण बसलेली असते. गडद लुगडं, सावळा सुरकुतलेला चेहरा, आणि तिच्या नेमका मागे शार्पी. तिच्या चेहऱ्यावरून सेन्सरपर्यंत आधीच मूठभर उजेड पोचतो, त्यावर लेन्सच्या आत भटकलेला दुप्पट-तिप्पट उजेड सांडला तर तिच्या गालावरची रेघ आणि बाजूची सावली यांतला फरक त्या पांढुरक्यात बुडतो. सॉफ्टवेअर पांढरेपणा वजा करू शकतं, पण त्या जादा उजेडानं आणलेली खरखर वजा होत नाही आणि बुडालेली रेघ वर येत नाही. मग ते अंदाजानं चेहरा भरतं. अंदाज नेहमी तरुणपणाकडे झुकतो, धवलारीण चाळीस वर्षांनी लहान होते आणि घरचे विचारतात, ही कोण बसलीय?

तिसरा आक्षेप रसिकांचा. या भुतांत आणि पडद्यात, म्हणजे फ्लेअरमध्ये, सौंदर्य आहे, २००९च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये जे. जे. एब्रम्स यांनी लेन्सवर मुद्दाम दिवे मारून ते आणलं, मग आपण कशाला टाळायचं? ही हौस मान्य. तिचा कळस आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओत गाठला जातो. स्माकुलापासून नव्वदेक वर्षं इंजिनिअरांनी जे डाग घालवायला आयुष्यं खर्ची घातली, तेच डाग एडिटर संगणकातून नवरीच्या नथीवर चिकटवतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. पण एडिटरच्या या उद्योगातच माझी बाजू सिद्ध होते. स्वच्छ चित्रावर हवं तिथे, हवं तेवढं फ्लेअर चढवता येतं. लेन्सनं न विचारता मारलेलं उतरवता येत नाही.

चौथा आक्षेप संशयी गिऱ्हाइकाचा, आणि तो मला निम्मा मान्य आहे. प्रत्येक कंपनीनं आपल्या लेपाला क्षेपणास्त्राला शोभेल असं नाव दिलंय आणि नावाचे पैसे लावलेत. नव्या नावाच्या लेपात आणि कालच्या चांगल्या लेपात घरगुती फोटोत फरक दिसेलच असं नाही. पण लेप असणं आणि नसणं, किंवा टिकलेला आणि खरवडलेला लेप, हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि फोनचा लेप खरवडण्यात आपलं योगदान मोठं असतं. सदऱ्याच्या टोकानं, त्यावरच्या धुळीसकट, काच कोरडीच घासायची ही राष्ट्रीय सवय आहे. त्याआधी हळदीची बोटं लागलेली असतात ती वेगळीच. बोटाचा तेलकट फराटा ज्या दिशेनं ओढला गेला असेल, तिच्या काटकोनात प्रत्येक दिव्याला लांब शेपूट फुटतं. आणि दोष फोनच्या कंपनीला जातो. मऊ स्वच्छ फडकं, थोडी वाफ आणि हलका हात, याहून महागडी दुरुस्ती बहुतेक फोनना लागत नाही.

लेन्स घ्यायची असेल, नवी किंवा जुनी, तर दुकानात ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरा आणि आत डोकवा. ट्यूबच्या एकामागे एक बऱ्याच प्रतिमा दिसतील. त्या मंद आणि जांभळ्या, हिरवट, अंबरी रंगाच्या असतील तर लेप जागेवर आहे. एखादी पांढरीफेक आणि झगझगीत असेल, तर पुढे फिल्टर बसवलेला असल्यास तो आधी काढायला लावा आणि पुन्हा पाहा. तरी ती पांढरीच राहिली तर त्या बाजूला लेप नाही किंवा तो गेलाय. दुकानदार दिव्याखाली नेऊ देत नसेल, तर लेन्स काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा.